अंगणातले प्रश्न : पहिलं घर आणि कमरेएवढं गवत

पावसाळा लागला की गवत, साप आणि तुंबलेलं पाणी यांचीच पत्रं येतात. यातलं पहिलं पत्र लांब आहे पण जवळजवळ तसंच छापलंय, कारण जुना बंगला नाहीतर रो हाउस घेतलेल्या प्रत्येकाला थोड्याफार फरकाने हेच पडतं.

प्रश्न : काकू नमस्कार. आम्ही दोघं तळेगाव दाभाडेला असतो, इतकी वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली आणि यंदा एका जुन्या सोसायटीतला छोटा बंगला रीसेलमध्ये घेतला. घर बरं आहे, पण बरीच वर्षं बंद होतं त्यामुळे पुढचं अंगण म्हणजे नुसतं रान झालंय. साधारण ३० बाय २२ फूट जागा आहे. काँग्रेस गवत कमरेपर्यंत, कंपाउंडच्या एका बाजूला घाणेरीची जाळी, सुबाभळीची पोरं जागोजागी, भिंतीच्या फटीत पिंपळ, आणि कोपऱ्यात एक मोठा जुना आंबा. गेटपासून दारापर्यंत आम्ही येऊन जाऊनच काय ती पायवाट पडलीय. जोरात पाऊस आला की पायरीपाशी पाणी साठतं. एका काँट्रॅक्टरला दाखवलं तर तो म्हणाला जेसीबी लावू, दोन तासात साफ, मग मुरूम टाकून सगळीकडे पेव्हर ब्लॉक. सासऱ्यांचं म्हणणं सरळ काँक्रीट करून टाका, साप येणार नाही. मला थोडी फुलझाडं हवीत, संध्याकाळी खुर्ची टाकून बसता आलं पाहिजे, आणि पुढेमागे गाडी घेतली तर ती आत यायला हवी. ईएमआय सुरू झालाय त्यामुळे बजेट बेताचं आहे. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

उत्तर : आधी घराबद्दल अभिनंदन तुम्हा दोघांचं! आता त्या जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा. डोक्यात उवा झाल्या म्हणून कोणी टक्कल करतं का, तसला प्रकार आहे तो. जेसीबी वरची चांगली माती खरवडून नेतो, उरलेली दाबून टणक करतो, लव्हाळा नावाच्या तणाच्या जमिनीतल्या गाठी पार अंगणभर पसरवतो, आणि जुन्या घरात पाण्याची लाइन नि ड्रेनेजचा पाइप कुठून गेलाय हे कोणालाच माहीत नसतं, तो फुटला की साफसफाईच्या खर्चापेक्षा प्लंबरचा खर्च जास्त. आंब्याची मुळं तुटतात ते वेगळंच. तुमचं अंगण ६६० चौरस फूट आहे, ते दोन माणसं आणि तुम्ही दोघं मिळून हाताने साफ होतं.

आणि पावसाळा आहे ही अडचण समजू नका, उलट यासारखी वेळ नाही. माती ओली असली की काँग्रेस गवत मुळासकट हातात येतं, एप्रिलमध्ये तेच ओढलं तर वरचं तुटतं नि खालून परत फुटतं.

कोयता चालवायच्या आधी एक काम करा. चांगला पाऊस पडत असताना छत्री घेऊन अर्धा तास नुसते दारात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर जातं ते बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, नंतर गवंड्याला दाखवायला बरा पडतो. पाऊस थांबला की गमबूट घालून काठीने गवत बाजूला करत फिरा आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं, पाण्याचं मीटर, नळाची लाइन जिथे जिथे दिसेल तिथे बांबू रोवून वर लाल चिंधी बांधा. जुन्या बंगल्यांच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो हेही लक्षात ठेवा, कुदळ एकदम जोरात मारायची नाही.

सापाचं सांगते, कारण सासऱ्यांना काळजी आहे आणि ती चुकीची नाहीये. इतक्या गवतात साप असू शकतो, विशेषतः घोणस पालापाचोळ्यात अशी पडून राहते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून गवत कापायला नेहमी घराच्या दारापासून सुरुवात करून बाहेर कंपाउंडकडे जायचं, म्हणजे जे काही आत असेल त्याला बाहेर पळायला वाट मिळते, कडेने घेरत आत आलात तर ते सगळं तुमच्या पायरीकडे येणार. दगडविटांच्या ढिगात हात घालायचा नाही, पहारीने उलटायचं. साप दिसलाच तर लांब उभे राहून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा गावातला सर्पमित्र बोलवा. मारायचा नाही, आणि तो धामण असेल तर उंदरांचा बंदोबस्त फुकटात होतोय असं समजा. चावलाच तर १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, ब्लेडने कापणं तर मुळीच नाही. काँक्रीट केलं म्हणून साप यायचा थांबत नाही. तो उंदरांमागे येतो, आणि उंदीर अडगळीमागे आणि खरकट्यामागे येतात, ते काँक्रीटवरही येतातच.

आता एकेक झाड घेऊ.

काँग्रेस गवताला हात लावताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि नाकाला रुमाल पाहिजेच, खूप जणांना त्याने अंगावर खाज येते, पुरळ उठतं, दमेकऱ्यांना तर त्रासच. घरात कोणाला दमा असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. हे गवत आपल्याकडचं नाही, १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं, अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात आणि तिथून देशभर झालं, म्हणजे तुम्ही अगदी त्याच्या माहेराशेजारीच घर घेतलंय! एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे पांढरी फुलं यायच्या आत उपटलं तर निम्मं काम तिथेच झालं. फुलं न आलेलं गवत खड्ड्यात टाकून कुजवता येतं, फुलावर आलेलं मात्र घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्याच खतातून उगवेल. पानांवर पांढुरके, अंगावर गडद रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, हेच गवत खायला म्हणून १९८४ पासून आपल्याकडे सोडलेले. एकदा उपटून झालं असं होणार नाही, मातीत जुनं बी असतंच, दर पावसानंतर बारीक रोपं येतील ती पंधरा दिवसांनी खुरप्याने काढत राहायची, दोन पावसाळे चिकाटी ठेवली तर आटोक्यात येतं.

घाणेरी नुसती कापली तर आणखी जोमाने फुटते, हे तुमच्या काँट्रॅक्टरला विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं. तिचे धुमारे जमिनीलगतच्या बुडख्यातून येतात, म्हणून वरच्या फांद्या छाटून झाल्या की बुडाभोवतीची माती मोकळी करून जमिनीखाली तीनचार इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि ते खोड उलटं करून, मूळ वर करून, वाळायला टाकायचं. मातीला टेकलं तर परत रुजतं. काळी फळं लागलेल्या फांद्या वेगळ्या गोणीत भरा, पक्षी ती खाऊन बिया सगळीकडे टाकतात.

सुबाभळीची बोटाएवढी पोरं ओल्या मातीतून हाताने निघतात, मनगटाएवढी झालेली पहारीने मुळासकट काढा, नुसती तोडलेली परत येणार म्हणजे येणार.

लव्हाळा असेलच, तुम्ही लिहिलं नाहीये पण असणार. तीन कडा असलेला दांडा, चकचकीत पातं, उपटलं की टचकन तुटतं. त्याच्या गाठी खाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यालाच नागरमोथा म्हणतात, उटण्यात घालतात तोच. पावसात त्याच्या मागे लागू नका, वैताग येईल. एप्रिल-मेमध्ये तेवढी जागा खणून माती उलटी करायची, गाठी वेचायच्या, उरलेल्या कडक उन्हात वाळू द्यायच्या. शिवाय त्याला सावली सोसत नाही, वर दाट झुडपं आली की आपोआप मागे हटतो. हरळी मात्र सगळी काढू नका, तीच दूर्वा आहे, गणपतीत जुडी विकत आणण्यापेक्षा नळापाशी एक कोपरा राहू दे.

भिंतीतला पिंपळ. हा तोडायला मजूर सहसा तयार होत नाहीत आणि मला त्यांचं मन मोडायला आवडत नाही, म्हणून मी सांगते तो काढून दुसरीकडे लावा. रोप लहान आहे तोवर भोवतीचं प्लॅस्टर फोडून, दगडविटा हलवून, जेवढी मुळं येतील तेवढी घेऊन पावसातच एखाद्या मोकळ्या जागी, देवळाच्या माळावर वगैरे विचारून लावून टाका, पिंपळ चिवट असतो, जगतो. मूळ अंगठ्याएवढं जाड झालं असेल तर गवंड्याला बोलवून विटांचे दोन थर उतरवूनच काढावं लागेल, नुसतं वरून कापून सिमेंट फासलं तर दोन वर्षांत भिंत उलेल.

आणि आंबा! तुमच्या सगळ्या अंगणात विकत न मिळणारी वस्तू ती एकच आहे, आजूबाजूला कोणी काहीही सांगो, तो ठेवा. तळेगावला नगरपरिषद आहे, म्हणजे १९७५चा शहरी भागातला झाडं जतनाचा कायदा लागू होतो, खासगी आवारातलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी अर्ज देऊन विचारलेलं बरं. आंब्याचा हंगाम संपला की वाळक्या फांद्या काढून घ्या. वर बघा, वेगळ्याच पानांचे झुपके दिसतायत का, ते बांडगूळ, फुटभर मागून फांदीसकट कापायचं, नुसतं ओरबाडून उपयोग नाही. खोडाभोवती पार बांधायची हौस सगळ्यांना असते, तुम्हालाही होईल, पण खोडाला लागून दोन फूट माती भरून पार बांधला की सालीपाशी ओल राहून झाड हळूहळू कुजतं. बसायचंच असेल तर खोडापासून चारपाच फूट सोडून सुट्या दगडांचा कट्टा करा, आतली जमीन आहे त्या पातळीवर मोकळी ठेवा, फरशी तर खोडापर्यंत अजिबात नाही.

निघालेला कचरा जाळायचा नाही. धुराचा शेजाऱ्यांना त्रास तर आहेच, शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिलंय. फांद्या एका कोपऱ्यात रचून वाळू द्या, चांगला पाला आंब्याखाली पसरा, उरलेलं नगरपरिषदेच्या माणसाशी बोलून गाडीत द्या.

आता पाणी. माझ्या मते तुमच्या अंगणातला खरा प्रश्न गवत नाहीच, पायरीपाशी साठणारं पाणी हा आहे, आणि त्यावर उपाय न करता ब्लॉक बसवलेत तर ते पाणी घरात येईल. आधी गच्चीचे पाइप कुठे सुटलेत ते बघा. समजा गच्ची ८०० चौरस फूट आहे, तर एक मिलिमीटर पावसाला तिच्यावरून साधारण ७४ लिटर पाणी येतं, तासाभरात २५ मिलिमीटर कोसळला तर १,८०० लिटरच्या वर, आणि ते सगळं जर पायरीच्या बाजूला सुटत असेल तर अंगणाचा काय दोष. पाइप वळवून पाणी दूर न्या. अंगणाचा उतार घराकडून गेटकडे हवा, दर दहा फुटाला दीड इंच, गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून देतो. माती पायरीच्या आणि जोत्याच्या वर चढलेली असेल, वर्षानुवर्षं पाला कुजून चढतेच, तर ती ओढून खाली करा, जोतं उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर भिंतीला ओल आणि दाराच्या चौकटीला वाळवी.

शोषखड्डा करायचा विचार असेल तर आधी फुटभर खड्डा खणून पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर तिथली माती चिकणी आहे, शोषखड्डा तिथे नुसतं डबकं होईल. मुरत असेल तर घरापासून दहा फूट लांब, शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून नाही असा बघून, दगड आणि विटांचे तुकडे भरून करा. राडारोडा निघेल म्हटलं ना, तो इथे कामाला येतो.

मग चालायची वाट, चार फूट रुंद करा, तीन फुटात दोन माणसं पिशव्या घेऊन शेजारी चालू शकत नाहीत. मला विचाराल तर शहाबादी. खाली मुरूम टाकून धुम्मसने चोपून घ्यायचा, वर कच पसरून फरशी बसवायची, सांधे सिमेंटने बंद न करता मोकळे ठेवायचे, पाणी मुरतं आणि उद्या पाइप दुरुस्त करायचा झाला तर फरशी उचलून परत ठेवता येते. गाडीसाठी आत्ता काहीच करू नका, गाडी कुठेय अजून! जागा तेवढी राखून ठेवा, साधारण नऊ बाय सोळा फूट, तिथे झाड लावायचं नाही, आणि गाडी आली की चाकांपुरते दोन पट्टे फरशीचे केले तरी भागतं, मधे गवत राहू दे.

मुरूम मागवताना एक हिशोब लक्षात असू द्या, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २०० चौरस फुटावर सहा इंचाचा थर. तुमच्या वाटेला एक ब्रासच्या आतच लागेल, कोणी तीन ब्रास सांगितला तर विचारा कशाला. साफसफाईचं काम रोजंदारीवर द्या, उक्तं दिलंत तर मुळं जमिनीत ठेवून वरवर कापून मोकळे होतील. फरशीचं काम उक्तं चालेल, पण उतार पाणी ओतून तपासल्याशिवाय शेवटचे पैसे द्यायचे नाहीत.

झाडं सगळ्यात शेवटी, पण पाऊस आहे तोवर दोनचार लावून घ्या नाहीतर हुरूप जाईल. नवीन घरात आलेले पुठ्ठ्याचे खोके टाकले नसतील ना? चिकटपट्ट्या काढून ते साफ केलेल्या मोकळ्या जागेवर अंथरा, भिजवा, वर सहा इंच पालापाचोळा. खालचं बारीक गवत दबतं आणि उन्हाळ्यापर्यंत पुठ्ठा कुजून माती भुसभुशीत होते. झाड लावायचं तिथे तेवढं भोक पाडून दोन बाय दोन बाय दोन फूट खड्डा, मातीत शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड.

कोणती लावायची तर, पारिजातक लावा पण वाटेला लागून नाही, फुलं पायाखाली येतात आणि वाईट वाटतं, खिडकीजवळचा कोपरा बघा. गेटपाशी कुंती, वास येतो आणि छाटून कुंपणासारखीही ठेवता येते. घाणेरी काढली त्या बाजूला मेंदीचं कुंपण, फुटाफुटावर, दोन वर्षांत दाट होतं, पाणी फार मागत नाही. आंब्याच्या सावलीत मोगरा नि जास्वंद लावून रडू नका, त्यांना ऊन लागतं, तिथे हळद, सोनटक्का असलं काहीतरी. गच्चीचा पाइप सोडाल तिथे कर्दळ. कढीपत्ता एकच, त्याची पिल्लं मुळातून निघत राहतात, शेजारणींना वाटायला होतील. लिंबू लावलंत तर खुर्चीपासून लांब, काटे असतात. अनंत सगळ्यांना हवा असतो पण बोअरचं जड पाणी असेल तर त्याची पानं पिवळी पडतात, आधी कुंडीत लावून बघा. वड, पिंपळ, उंबर आणि गुलमोहर एवढ्या जागेत नाही म्हणजे नाही, गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, वादळात तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या पत्र्यावर.

यंदा एवढंच करा : साफसफाई, उतार, वाट, चारपाच झाडं आणि गेटपाशी एक दिवा. बाकी पुढच्या वर्षी. आणि सासऱ्यांना त्या सुट्या दगडांच्या कट्ट्याचं काम द्या, काँक्रीट विसरतील.

प्रश्न : ताई, मुंबईतली नोकरी संपवून कुडाळजवळ एक कौलारू घर विकत घेतलं, आयुष्यातलं आमचं पहिलं स्वतःचं घर. पुढचं खळं, म्हणजे अंगण, मातीचं आहे. पावसात त्यात एवढं गवत आणि शेवाळ झालंय की चालवत नाही, कडेने रानमोडी माजलीय. मुलगा म्हणतो सगळीकडे टाइल्स घालूया.

उत्तर : भाऊ, कोकणातलं खळं पावसात हिरवं होणारच, तिथे ते कोणी मनावर घेत नाही. दिवाळीच्या सुमारास पाऊस गेला की गवत खरवडून काढायचं, माती भिजवून चोपण्याने चोपून घ्यायची आणि शेणाने सारवायची, तुळशीच्या लग्नाला खळं तयार पाहिजे हाच तिथला हिशोब. शेजारी कोणीतरी अजून चोपणारं मिळेल, विचारा, आणि तुम्हीही एकदा हात लावून बघा, कंबर कळेल. तोपर्यंत पावसात ये-जा करायला जांभ्याचे चिरे एका ओळीत मांडा, म्हणजे पाय चिखलात जाणार नाही. शेवाळ त्यांच्यावरही येतं, काथ्याच्या ब्रशने घासावं लागेल, पण टाइल्सवर जसा सरळ आडवा होतो माणूस तसं चिऱ्यावर होत नाही. साठीनंतर घसरून पडणं नको, हाच मुद्दा मुलाला सांगा, लगेच पटेल.

रानमोडी ओली असताना मुळासकट निघते. थंडी सुरू होताना तिला फुलं येतात आणि मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सगळीकडे उडतं, त्याच्या आत काढा. फुलं आलेली नसतील तर माडाच्या आळ्यात टाकली तरी चालते. माडाखाली खळ्यात खुर्च्या किंवा नातवाचा झोपाळा ठेवला असेल तर आधी तो हलवा, मग बाकीचं.

प्रश्न : काकू, नाशिकला रो हाउस घेतलंय, पुढे जेमतेम ४०० चौरस फूट. मला लॉन पाहिजे, सिनेमात असतं तसं. सासूबाईंना भाजी लावायचीय. नवरा म्हणतो पार्किंग. तिघांचं एकमत होत नाही म्हणून सहा महिने गवतच वाढतंय.

उत्तर : लॉन हरलं असं समज. ४०० चौरस फुटाच्या लॉनला उन्हाळ्यात रोज दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, आठवड्याला कापावं लागतं, आणि त्यात लव्हाळा शिरला की गालिचा राहत नाही, तो वेचत बसायला माणूस ठेवावा लागतो. नाशकात उन्हाळ्यात टँकर येतो का तुमच्याकडे, तेवढं आधी सासूबाईंना विचार, त्यांच्या हातात आणखी एक मुद्दा दिलाय मी, माफ कर.

भाजीला रोज सहा तास ऊन पाहिजे. दिवसभर बघून ठेव ऊन कुठे पडतं ते, तो पट्टा सासूबाईंचा. मेथी, पालक, चारदोन वांगी, भिंतीला दोडक्याचा वेल. घराच्या सावलीतला भाग पार्किंगला, गाडीला उन्हाची गरज नाही. आणि तुला पाय मोकळे सोडून बसायला हरळीचा सहा बाय आठ फुटांचा तुकडा, एवढ्याला बादलीभर पाणी पुरतं. यावर एकमत झालं नाही तरी काँग्रेस गवत या रविवारी काढून टाका, ते तिघांपैकी कोणालाच नकोय.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आलंय की खडे मीठ आणि व्हिनेगर पाण्यात घालून फवारलं की गवत कायमचं जातं. दुकानदार तणनाशक घ्या म्हणतोय. दोन्हीपैकी काय वापरू? घरात रांगतं बाळ आहे.

उत्तर : दोन्ही नको. व्हिनेगरने वरची पानं जळतात, मुळं तशीच राहतात, पंधरा दिवसांत परत हिरवं. मिठाने गवत जातं हे खरं, पण त्याबरोबर ती मातीही जाते, पुढे तिथे तुळससुद्धा धरणार नाही, आणि मीठ भिंतीच्या विटांत शिरलं की प्लॅस्टरचे पोपडे निघतात. तणनाशकांतलं सगळ्यात जास्त खपणारं ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला होता, त्यामुळे दुकानदार तुमच्या हातात बाटली देत असेल तर ती घेऊच नका, आणि कोणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत सुटं औषध ओतून देत असेल तर त्या दुकानात परत जाऊ नका.

फरश्यांच्या सांध्यातलं गवत असेल तर उकळतं पाणी ओता, बाळ आत झोपलेलं असताना. मोकळ्या मातीतलं असेल तर खुरपं. एखादा तुकडा पुढे भाजीसाठी स्वच्छ करून हवा असेल तर एप्रिलमध्ये तो भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबा आणि चारसहा आठवडे तसाच ठेवा, उन्हाने वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं. काळं प्लॅस्टिक नाही, पारदर्शकच, आतली माती त्याने जास्त तापते.